एक कोटीतले दोन पॉइंट चार

आमच्या लॅबमध्ये एक पेटी आहे. रंग राखाडी, उंचीला वीतभर, आणि आवाज अजिबात नाही. गेली चौदा वर्षं ती दर सेकंदाला एक कोटी ठोके देते आहे, ना एक जास्त ना एक कमी. लोकांची यंत्रं आम्ही तपासतो ती तिच्या भरवशावर. तिच्या पोटात एक स्फटिक आहे आणि तो एका छोट्या भट्टीत कायम उबेला ठेवलेला असतो. ही ऊब एकदा गेली की घोळ. पेटी पुन्हा चालू केली तर दिवा लागतो, आकडे दिसतात, सगळं ठीक वाटतं. पण तिला खरोखर जागेवर यायला आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून तिला बॅटरी वेगळी, प्लग वेगळा, आणि प्लगवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी : बंद करू नये, निशा. यंदाच्या खंडेनवमीला ती पेटी मीच बंद केली. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

लॅब म्हणजे ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. मी तिथे बावीस वर्षं आहे. कॅलिब्रेशन म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही यंत्रं दुरुस्त करतो. दुरुस्त काही करत नाही. कोणाचं यंत्र किती खोटं बोलतं एवढं मोजायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. पाहुण्यारावळ्यांत नोकरी समजावून सांगणं मी कधीच सोडून दिलंय. 'इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे' म्हटलं की ते मोबाईल पुढे करतात.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद करून, पुसून, चौरंगावर मांडतात. हळदकुंकू, झेंडूचं फूल, पेढा. त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही ही रीत. चौरंग मांडायचं काम रखमाबाईंचं. त्या लॅबचा केरवारा करतात आणि पूजेच्या बाबतीत कोणाचंही ऐकत नाहीत. ती पेटी मात्र दरवर्षी फळीवरच राहायची, प्लगसकट. तिच्या डोक्यावर नुसतं एक फूल. आणि दरवर्षी रखमाबाई म्हणायच्या, हिलाच तेवढी सुट्टी नाही होय.

दरवर्षी मी हसायचे. यंदा हसू आलं नाही. गणपतीत सासूबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड गेलं. तेव्हापासून पहाटे पाचला उठून त्यांचं सगळं करायचं, डबे करायचे, दिवसाच्या बाईची वाट बघायची, डोंबिवलीहून ठाणे गाठायचं, आणि संध्याकाळी घरात शिरलं की पुन्हा पहिल्यापासून. नवरा हातभार लावतो, नाही असं नाही, पण सासूबाईंना बाईमाणसाचाच हात लागतो. महिनाभरात मी एकदाही दुपारी आडवी झाले नव्हते. रखमाबाई ते वाक्य बोलल्या आणि मला त्या पेटीची कीव आली. कीव तिची आली की माझी, ते आता विचारू नका. चौदा वर्षं एक क्षण न थांबता ठोके देतेय बिचारी, दोन दिवस निजली तर काय आभाळ कोसळणार आहे? मी चिठ्ठी बाजूला केली, बॅटरीची वायर काढली, प्लग काढला. पेटी चौरंगावर मधोमध ठेवली आणि तिला कुंकू लावलं. त्या वेळी मला खरोखर बरं वाटलं.

हिशेब मी केला होता. बुधवारी नवमी, गुरुवारी दसरा, शुक्रवारी सकाळी पेटी चालू करायची आणि पुढचे आठ-दहा दिवस फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे ठोके मोजायचं, एकही काम हातात घ्यायचं नाही. वजनकाटे, थर्मामीटर, प्रेशर गेज, कामाला काय तोटा. शुक्रवारी मी नऊ चाळीसला पेटी चालू केली आणि वहीत तशी वेळही टाकली. साडेदहाला शिवराम गायकर आले.

आले म्हणजे रिक्षातून उतरून दोन जिने चढून आले, मांडीवरून आणलेलं यंत्र जुन्या चादरीत गुंडाळून छातीशी धरलेलं. वय सहासष्ट-सदुसष्ट, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. घर ठाकुर्लीला. तिथलेच मूळचे. बापजाद्यांची शेती होती, ती केव्हाच इमारतींखाली गेली. उरलं होतं राहतं घर आणि मागची पत्र्याची शेड. शिवरामदादांनी तीस वर्षं डोंबिवलीतल्या एका वायरलेस सेट बनवणाऱ्या कंपनीत काढली. कंपनी बंद पडल्यावर त्यांनी शेडमध्ये टेबल टाकलं आणि चार वर्षं खपून एक फ्रिक्वेन्सी जनरेटर बनवला. पाहिजे तेवढ्या ठोक्यांचा सिग्नल त्यातून काढायचा आणि त्यावर दुसरे सेट जुळवून घ्यायचे, असं ते यंत्र. पत्रा त्यांनीच कापलेला, अक्षरं त्यांनीच कोरलेली. मी चादर सोडली आणि क्षणभर बघतच राहिले. बाजारातली यंत्रं बघून बघून माझे डोळे मेले आहेत, पण हे कोणीतरी जीव लावून केलेलं होतं.

पुण्याच्या एका कंपनीने त्यांना कळवलं होतं की मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट आणा, वर्षाला दहा नग घेऊ. आणि घरात दुसरीच गडबड चालू होती. घर आणि शेड मिळून बिल्डरला द्यायचं, वर इमारत, यांना दोन फ्लॅट. मुलगा हर्षित बँकेत आहे. त्याच्या मते शेडमध्ये बाबांचा जीव उगाच अडकलाय.

"पोरगा वाईट नाय मॅडम," ते म्हणाले. "तो बोलला, बाबा, दिवाळीपर्यंत कागद आणलात तर शेड सोडून बाकीचं देऊ. नाय आला तर सगळ्यावर सही. मी बी हो बोललो. माझा यंत्रावर भरवसा हाय."

इथे मी म्हणायला हवं होतं, दादा, यंत्र ठेवून जा, पंधरा दिवसांनी सांगते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग का, हे सांगावं लागलं असतं. पेटीला सुट्टी दिली होती हे एका गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय हा माणूस पुन्हा ते ओझं घेऊन दोन जिने चढणार, हेही बघवत नव्हतं. पेटीच्या भट्टीचा दिवा विझला होता, म्हणजे आत ऊब पुरेशी झाली होती. निदान तेवढ्यापुरती तरी. मी मनाची समजूत घातली, एवढ्यात घरून सासूबाईंकडच्या बाईचा फोन आला की गोळ्यांची चिठ्ठी सापडत नाही. गोळ्या सांगून होईस्तोवर पेटी माझ्या डोक्यातून गेली. मी त्यांना बसायला सांगितलं, दुपारपर्यंत करून देते म्हटलं.

त्यांचं यंत्र तासभर गरम होऊ दिलं. मग त्यावर एक कोटीचा आकडा लावला, वायर जोडली आणि मोजलं. एक कोटीला एक हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला एक ठोका, इकडे किंवा एक तिकडे, एवढी सूट होती. आकडा आला दोन पॉइंट सहा जास्त. दहा मिनिटांनी दोन पॉइंट पाच. आणखी दहा मिनिटांनी दोन पॉइंट चार, आणि तिथे तो बराच वेळ थांबला. आकडा हलत होता तेव्हा मला वाटलं, यांचं यंत्र अजून जागेवर येतंय. दोन वस्तूंमधलं अंतर बदलत असेल तर हलतंय कोण, हे नुसतं अंतर बघून कळत नाही. हे मी नव्या लोकांना दरवर्षी शिकवते. त्या दिवशी मला एकदाही वाटलं नाही की हलतेय ती माझी पेटी.

शिवरामदादांनी आकडा बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. मग हळूच विचारलं की तुमचा आकडा पक्का ना. माझ्याकडून जरा तोडूनच बोललं गेलं. म्हटलं, आमची पेटी दरवर्षी दिल्लीची माणसं येऊन तपासतात, दादा, तिच्यावर शंका घेऊ नका. त्यांनी मान हलवली, शंका घेतल्याबद्दल माफीही मागितली, रिपोर्टची घडी करून खिशात ठेवली आणि यंत्र चादरीत बांधलं. जाताना म्हणाले, घरी जाऊन जुळवतो आणि दिवाळीच्या आधी पुन्हा पाठवतो.

त्या दिवशी आणखी दोन यंत्रं मोजून टाकली. एकदा गाडी चालू झाली की चालूच. दोन्ही जुनी, साधी, त्यांना सूटही भरपूर, त्यामुळे पास झाली. आठ-दहा दिवस फ्रिक्वेन्सीचं काम न घेण्याचा माझा बेत पहिल्याच दुपारी संपला, आणि संपला हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही. दमलेल्या माणसाचं हे असंच होतं. तो चूक करताना थांबत नाही, कारण थांबायला वेगळी ताकद लागते.

पुढे दोन आठवड्यांनी, दिवाळी तोंडावर असताना, त्यांचं यंत्र पुन्हा आलं. या वेळी ते स्वतः आले नव्हते, शेजारच्या कोणाबरोबर पाठवलं होतं. सोबत एक चिठ्ठी : जुळवले आहे, कृपया लवकर बघावे. मी दुपारी मोजलं. पेटी आता चांगली मुरली होती. आकडा आला दोन पॉइंट चार कमी. मागच्या खेपेला जास्त, आता कमी. मला वाईट वाटलं. म्हटलं, म्हातारबुवांनी स्क्रू जरा जास्तच पिळला. कॉम्प्युटरवर 'मर्यादेबाहेर' या चौकटीत टिचकी मारली. आमच्या मालकांनी, कमलेशनी, गेल्या वर्षी सोय केलीय, टिचकी मारली की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर आपोआप निरोप जातो. निरोपात आकडा नसतो. नुसतं नापास.

मग रिपोर्ट टाईप करायला घेतला. त्यात एक रकाना असतो, मागच्या वेळचा आकडा. तो भरायला जुना रिपोर्ट काढला. दोन पॉइंट चार जास्त. त्याच्याखाली आजचा टाकला. दोन पॉइंट चार कमी. हात कीबोर्डवरच राहिला.

माणूस स्क्रू फिरवताना चुकतो तेव्हा वाटेल तेवढा चुकतो, नेमक्या तेवढ्याच आकड्याने चुकत नाही. शिवराम गायकर चुकले नव्हते. मी दोन पॉइंट चार जास्त म्हटलं, त्यांनी बरोबर दोन पॉइंट चार खाली आणलं. म्हणजे आधी ते शून्यावर होतं. मी वही उलटून त्या शुक्रवारचं पान काढलं. माझ्याच अक्षरात : पेटी चालू, सकाळी ९.४०. त्याच्याखाली त्या दिवशीची तीन कामं. राहिलेल्या दोन यंत्रांचे आकडे बघितले. ती दोन्ही यंत्रं दरवर्षी आमच्याकडे येतात आणि दरवर्षी साधारण तेच आकडे देतात. त्या दिवशी दोन्ही आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन पॉइंट चारने जास्त होती. तीन गावांची तीन यंत्रं एकाच दिवशी एकाच मापाने बिघडत नसतात. चुकली होती ती माझी पेटी.

शिवरामदादांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. चार वेळा. मग कमलेशच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, पेटी कोणी बंद केली तेही.

कमलेश चाळिशीचा आहे, वडिलांच्या माघारी लॅब त्याच्याकडे आली. रागावला नाही. डोकं धरून बसला आणि मग त्याने जो मार्ग सुचवला तो ऐकायला अगदी सोपा होता. यंत्र आपल्याकडेच आहे. तुम्ही स्क्रू फिरवा, शून्यावर आणा, पुन्हा मोजा, पास करा, उद्याच्या कुरिअरने सर्टिफिकेट पाठवा. गिऱ्हाईक खूश. चूक झाली होती असं लेखी दिलं तर त्या दिवशीचे तिन्ही रिपोर्ट परत बोलवावे लागतील, वर, मान्यता देणाऱ्यांना, कळवावं लागेल, तपासणी लागेल, मान्यतेवर गदा येईल. आणि हे सगळं कशासाठी, तर जे एका स्क्रूने होतंय त्यासाठी.

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. पटलं म्हणजे इतकं बरं वाटलं की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मी टेबलापर्यंत गेले. यंत्राचं झाकण उघडलं. आत प्रत्येक जोड नेटका, वायरी दोऱ्याने बांधलेल्या. जुळवायच्या स्क्रूच्या शेजारी पत्र्यावर पेन्सिलीची एक बारीक रेघ होती, आणि तिच्या बाजूला दुसरी, नवी. पहिल्या रेघेच्या खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बरोबर'. ते त्यांनी खोडलं होतं. दुसऱ्या रेघेखाली लिहिलं होतं, 'मॅडमप्रमाणे'.

झाकण लावलं. कमलेशला जाऊन सांगितलं की मी लेखी देणार आहे, तिन्ही रिपोर्ट रद्द करणार आहे, आणि उद्या सकाळी ठाकुर्लीला जाणार आहे. तो म्हणाला, निदान दिवाळी तर होऊ द्या. मी म्हटलं, दिवाळीचाच तर प्रश्न आहे.

सकाळी सासूबाईंचं आवरून, बाईच्या हातात गोळ्या देऊन, मी डोंबिवलीहून रिक्षाने निघाले. पत्ता रिपोर्टवर होता. गल्लीच्या तोंडाशी दोन टॉवर, त्यांच्यामागे अजून एक अर्धवट, आणि त्याला टेकून गायकरांचं कौलारू घर. मागे गेले तर शेडचे पत्रे उतरवलेले. भिंतीला उभे करून ठेवले होते. उघड्यावर एक टेबल, आणि टेबलाशी शिवरामदादा बिस्किटांच्या डब्यांत सुटे भाग निवडून भरत होते. लाल एका डब्यात, हिरवे दुसऱ्यात. मला बघून उठले, खुर्ची पुसली. मी उभीच राहिले.

हर्षितही घरात होता, तो बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, मी काही बोलायच्या आधीपासून. त्याने सांगितलं की काल दुपारी निरोप आला आणि संध्याकाळी बाबा स्वतःच बिल्डरच्या ऑफिसात चला म्हणाले. तो म्हणत होता दिवाळीपर्यंत थांबू. बाबाच थांबायला तयार नव्हते. सही झाली. सकाळी सहाला उठून पत्र्याचे बोल्टही त्यांनीच काढले.

मी सांगितलं. उभ्या उभ्या, पहिल्यापासून. पेटी काय असते, ती कधीच बंद करायची नसते, ती खंडेनवमीला मी बंद केली, त्या शुक्रवारी ती थंड होती, आणि तुमचं यंत्र त्या दिवशी बरोबर होतं. तुम्ही विचारलंत आकडा पक्का का, तेव्हा मी तुम्हाला गप्प केलं. बोलताना एकदाही आवंढा आला नाही याची मला नंतर लाज वाटली. मी रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखी बोलत होते. बावीस वर्षांची सवय.

हर्षित म्हणाला, "मॅडम, हे काल सांगितलं असतं तर?"

"काल चार वेळा फोन केला," मी म्हटलं, आणि म्हणताच कळलं की हे उत्तर नाही.

शिवरामदादांनी हातातला भाग डब्यात टाकला. नीट बघून, हिरव्यांच्या डब्यात. मग विचारलं, "म्हंजे शेवटी किती कमी भरला?"

"दोन पॉइंट चार."

"तुमी दोन पॉइंट चार बोललात, मी दोन पॉइंट चारच फिरवला." त्यांनी उजवा हात वर करून बघितला. "म्हंजे हात बरा हाय अजून. मी समजलो, हात गेला. डोळं तर गेलंच हाईत."

मग त्यांनी सांगितलं. छपरावर त्यांनी एक छोटा डबा लावला होता, उपग्रहाच्या घड्याळाचा सिग्नल पकडणारा. त्याच्याशी ते आपलं यंत्र जुळवायचे. असा डबा लॅबसाठी मी कमलेशकडे तीन वर्षं मागतेय. आमच्या पेटीपेक्षा तो जास्त खरा. माझ्याकडे यायच्या आधी त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी यंत्र त्याच्याशी ताडून बघितलं होतं. घरी गेल्यावर पुन्हा बघितलं.

"तिन्ही येळेला शून्य. घरी परत गेलो, चौथ्यांदा शून्य," ते म्हणाले. "मंग इचार केला, बाजूला हे टॉवर उठलेत, सिग्नल आपटून येत आसंल. आपलाच डबा खोटा. डबा दोन पॉइंट चारनं खोटा धरला आनि यंत्र तुमच्या आकड्यावर आनला."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "चार वेळा शून्य आलं होतं तर का नाही भांडलात?"

त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी हे विचारते कसं, याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

"कागद होता ना तुमचा," ते म्हणाले. "खाली सही होती. माझा तर पत्र्याचा डबा."

आतून चहा आला. मी घेतला. ठेवून द्यायची हिंमत झाली नाही. हर्षित बिल्डरला फोन लावायला आत गेला, शेडचं काही करता येतंय का विचारायला. बराच वेळ बोलत होता. बाहेर आला तेव्हा विचारायची गरज नव्हती. नकाशे आधीच तयार होते, सही होताच ते ऑनलाइन मंजुरीला गेले होते, आणि शेडच्या जागेवर पार्किंगचा उतार येत होता.

दिवाळी झाल्यावर शिवरामदादा एकदा लॅबमध्ये आले. मी बोलावलं होतं. मधल्या काळात मी माझ्याविरुद्धचं पत्र लिहिलं होतं, तिन्ही रिपोर्ट रद्द झाले होते, वरची माणसं येऊन दोन दिवस वह्या चाळून गेली होती. कमलेश महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला, पण कामावरून काढलं नाही. दादांनी टेबलाशी बसून स्वतःच झाकण उघडलं, स्वतःच स्क्रू पहिल्या रेघेवर आणला. आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बघितला. शून्य पॉइंट एक. सर्टिफिकेट तिथेच छापून दिलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि विचारलं की पुण्याला हे पाठवू का, की राहू दे. घर पाडायला दिलं होतं. इमारत होईपर्यंतच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, तिसऱ्या मजल्यावर, पत्रा कापायला आणि सोल्डरिंगचा धूर करायला कोण देणार? वर्षाला दहा नग तर सोडाच, एकही निघणार नव्हता. त्यांनी पुण्याला स्वतःच नकार कळवला.

यंत्र मात्र त्यांनी परत नेलं नाही. तिकडे ठेवायला जागा नाही म्हणाले, आणि घरात समोर दिसलं की उगाच हात शिवशिवतात. तुमच्याकडेच राहू दे, पडलं तर पडलं, वापरलंत तर बरंच. मी पावती करून दिली. मालकाचं नाव, शिवराम गायकर.

ते आता फळीवर पेटीच्या शेजारी असतं. दोन्ही चोवीस तास चालू. सकाळी लॅब उघडली की मी सगळ्यात आधी दोघांना एकमेकांशी जोडते, फरक बघते आणि वहीत टाकते. पेटी कधी भरकटली तर त्याच क्षणी कळावं म्हणून. सासूबाई आता काठी घेऊन चालतात, घरचं थोडं हलकं झालंय, तरी सकाळचा थकवा काही जात नाही. त्या फरकाच्या रकान्यात आजवर शून्य पॉइंट एक, शून्य, शून्य, शून्य पॉइंट एक असंच आलंय. रोज सकाळी मी बघते, आणि रोज सकाळी शिवरामदादा बरोबर असतात.